चेंडू बोटांत धरावा कसा?

पहिल्या वर्षी मी क्रिकेटच्या निवडचाचणीला गेलो, तेव्हा आयुष्यात प्रथमच कातडी चेंडू हातात घेतला. तोवर आमचे सारे क्रिकेट पैनगंगेच्या कोरड्या पात्रात, टेनिसच्या चेंडूवर झालेले. गावात मी फिरकीवाला म्हणून ओळखला जात असे. चाचणीत मला सहा चेंडू टाकायला मिळाले. दोन फलंदाजाच्या डोक्यावरून गेले, एक माझ्याच पायाशी आपटला आणि उरलेले तीन इतके सरळ व गुळगुळीत गेले की फलंदाजाने ते कुंपणाबाहेर घालवले. चाचणी घ्यायला आलेले एक गृहस्थ हसून म्हणाले, "तुझी बोटं विळा धरायची आहेत. फिरकी हे तुमच्या हाताचं काम नव्हे."

हे खरे की खोटे, याचा शोध घेण्यात माझे वर्ष गेले. त्यातून जे समजले ते येथे लिहीत आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी, भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. कोठे चुकलो असेन तर जाणकारांनी कान धरावा.

आधी चेंडूविषयी. क्रिकेटचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो, टेनिसचा त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका. पण खरा फरक वजनाचा नाही. टेनिसचा चेंडू पोकळ असतो. तो बोटांत आवळला की दबतो, आणि सोडताना आपल्याच ताकदीने उसळून बाहेर पडतो. त्याची लोकर बोटांना धरून ठेवते. गावात मी जितका जोराने आवळत होतो, तितका तो वळत होता. कातडी चेंडू दबत नाही. आत बूच आणि दोरा घट्ट बसवलेला, वर गुळगुळीत कातडे. बोटांना धरायला त्यावर एकच जागा असते, ती म्हणजे टाक्यांच्या सहा रांगांची शिवण. म्हणजे गावात जी माझी विद्या होती, तीच येथे माझी चूक ठरली.

लेगब्रेक टाकताना तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर आडवी ठेवतात. अनामिका दुमडून शिवणीच्या कडेला लावतात. अंगठा नुसता टेकलेला असतो. तळहात आणि चेंडू यांच्यामध्ये थोडी फट हवी. चेंडू सुटताना मनगट उजवीकडून डावीकडे उलगडते आणि शेवटचा झटका अनामिका देते. बरणीचे झाकण उघडताना उजवा हात जसा वळतो तसा. ऑफब्रेकला उलट, झाकण लावताना वळतो तसा, आणि तेथे मुख्य काम तर्जनीचे.

आता आवळण्याने काय बिघडते ते पाहू. वाचकांनी एक गोष्ट करून पाहावी. उजव्या हाताची मूठ होईल तितकी घट्ट वळा आणि मनगट भराभर हलवून पाहा. हलणार नाही. मग मूठ सैल करा आणि पुन्हा पाहा. बोटे आवळणारे मोठे स्नायू तळहातात नसतातच. ते कोपराखाली असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांकडे जातात. दोऱ्या ताणल्या की मनगट जखडते. फिरकी तर मनगटानेच उलगडायची असते! शिवाय आवळलेली बोटे एकदम सुटत नाहीत. उशिरा सुटली तर चेंडू पायाशी आपटतो. हे कळून आपण घाईने सोडायला जावे, तर तो लवकर सुटून आभाळात जातो. माझ्या सहा चेंडूंचा हिशेब येथे पुरता लागला.

हे मला प्रथम पुस्तकातून नव्हे, बाबांकडून समजले. आमच्याकडे सोयाबीन येण्याआधी ज्वारी पुष्कळ असे. कणसात दाणा भरला की मचाणावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकलावी लागत. गोफणीच्या एका दोराचा फास बोटात अडकवलेला असतो, तो सुटत नाही. दुसऱ्या दोराचे टोक अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत असते, ते नेमक्या क्षणी सोडायचे. दगड कोठे जाणार हे त्या एका क्षणावर ठरते. लहानपणी माझा दगड नेहमी भलतीकडे जाई. तेव्हा बाबा म्हणत, "दोर आवळून धरू नको रे. सोडाची वेळ पाह्य." चाचणीनंतर घरी हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी हेच वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हटले. त्यांनी कातडी चेंडू कधी हातात घेतलेला नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सैल म्हणजे ढिला नव्हे. चेंडू ढिला धरला तर बोटांवरून घसरतो आणि काहीच फिरत नाही. दाब असावा, पण तो शिवणीवरच्या बोटांच्या पेऱ्यांत असावा. अंगठ्यात आणि तळव्यात नसावा. म्हैस दोहताना दाब जसा वरच्या बोटापासून खाली उतरत जातो आणि हात मात्र मोकळा राहतो, तसे काहीसे. ज्याने धार काढली आहे त्याला अधिक सांगावे लागणार नाही. ज्याने काढलेली नाही त्याने एकदा म्हशीला विचारावे.

चेंडू हातातून सुटला की पुढचे काम हवेचे. फिरणारा चेंडू आपल्या अंगालगतची हवा बरोबर ओढतो आणि मागे सुटणारी हवा एका बाजूला ढकलतो. त्याबरोबर तो स्वतः विरुद्ध बाजूला ढकलला जातो. टेनिसचा चेंडू वाकडा जातो हे न्यूटनने इ. स. १६७२ मध्येच एका पत्रात नोंदवले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने या विषयावर प्रयोग केले, म्हणून त्याचे नाव या परिणामाला मिळाले. चेंडू पुढच्या दिशेने गरगरत असेल तर हवा त्याला खाली दाबते. तो फलंदाजाच्या अंदाजाआधीच टप्पा घेतो आणि उंच उसळतो. उलट दिशेने फिरत असेल तर तरंगत लांब जातो आणि टप्प्यानंतर खाली राहतो. बाजूला फिरत असेल तर हवेत एकीकडे सरकतो आणि जमिनीवर दुसरीकडे वळतो. चांगला लेगब्रेक उजव्या हाताच्या फलंदाजाकडे हवेतून आत येतो आणि टप्पा पडताच बाहेर निघून जातो. फसवणूक आहे ती येथे. मात्र बंदुकीच्या गोळीसारखा, आपल्या जाण्याच्याच दिशेभोवती फिरणारा चेंडू हवेत फारसे काही करत नाही. त्याची सारी करामत जमिनीला टेकल्यावर. तेव्हा किती फिरवायचे हे बोटांच्या हाती असते आणि कोणत्या बाजूने फिरवायचे हे मनगटाच्या. संथ फिरकी चेंडूला फलंदाजापर्यंत पोचायला पाऊण ते एक सेकंद लागतो. हवेला तेवढाच वेळ मिळतो, आणि तो पुरतो.

गोल्फ हा खेळ मी केवळ दूरचित्रवाणीवर पाहिला आहे. आपल्या राज्यात पुणे, नाशिक, मुंबई येथे त्याची मैदाने आहेत. तेथे हातात चेंडू नसतो, काठी असते, तरी गोष्ट तीच. काठी घट्ट आवळली की मनगटे जखडतात, काठीचे तोंड वेळेवर सरळ होत नाही आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो. एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांनी गेल्याच्या मागच्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की गोल्फचा चेंडू इतका लांब जातो तो उलट्या फिरकीने हवेत उचलला गेल्यामुळे. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा नामांकित गोल्फपटू होता. ज्या घरात एक मोजतो आणि दुसरा खेळतो, त्या घराचा मला हेवा वाटतो.

त्या गृहस्थांच्या विळ्याकडे पुन्हा येतो. आपल्या देशातील पहिले थोर फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांचे हात कोणते काम करीत होते? चर्मकार समाजातील हा तरुण पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात अल्प पगारावर खेळपट्टीवर रूळ फिरवी, जाळी लावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. ते तासन्‌तास टाकणे हीच त्यांची शाळा. फलंदाजी करण्याची संधी त्यांना तेथे कोणी दिली नाही. पुढे ते हिंदू संघात आले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. तोच चेंडू, तीच बोटे! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

मुंबईचे सुभाष गुप्ते हे लेगब्रेकचे बादशहा. ३६ कसोटींत १४९ बळी. १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ गडी त्यांनी १०२ धावांत बाद केले. पद्माकर शिवलकरांनी तर १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले. त्याच सुमारास आपल्या विदर्भाने रणजी करंडक जिंकला. त्या हंगामात हर्ष दुबे याने डाव्या हाताच्या फिरकीवर ६९ बळी घेऊन एका हंगामाचा विक्रम केला. बिशनसिंग बेदी सांगत की स्वतःचे कपडे स्वतः धुतल्याने खांदा आणि बोटे लवचीक राहतात. हे वाचून मी वसतिगृहात माझेच नव्हे तर खोलीतल्या सोबत्याचेही कपडे काही दिवस धुतले. फायदा झाला तो सोबत्याचा.

खरा उपयोग झाला तो निळीचा. कातडी चेंडू आम्हा सहा जणांत एकच, आणि शिवण सपाट झाल्यावर तो बोटांना काहीच सांगत नाही. म्हणून जुन्या टेनिसच्या चेंडूचा अर्धा भाग निळीने रंगवला आणि तो संध्याकाळी एका हातातून दुसऱ्या हातात फिरवत बसलो. फिरकी नीट पडली तर निळ्या-पिवळ्याची सीमारेषा हवेत स्थिर दिसते. पकड चुकली की ती डगमगते आणि सगळा चेंडू राखी दिसू लागतो. फलंदाज लागत नाही, मैदान लागत नाही. चूक आपली आपल्यालाच दिसते. जेथे अंगठ्याने दाब दिला तेथे तेथे रेषा डगमगली. मग मी अंगठा चेंडूपासून पार उचलूनच सराव केला आणि पंधरवड्यानंतर तो नुसता टेकवला. कातडी चेंडूवर हात बसायला त्यानंतर दोन महिने लागले.

विळा धरणाऱ्या हाताची एक अडचण मात्र खरी आहे, ती मी लपवत नाही. अनामिकेच्या कडेला, जेथे शिवण घासायला हवी, तेथेच माझ्या हाताला घट्टा आहे. त्या जागी शिवण लागल्याचे उशिरा कळते. सुगीत सोयाबीन कापून आलो की पहिले चार दिवस माझा चेंडू वळत नाही. मग घट्टा नरम होतो आणि वळू लागतो. यंदाच्या चाचणीला मी सुगीनंतर दहा दिवसांनी गेलो. संघात बारावा होतो. लेगब्रेक जमला आहे. गुगली अजून यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून जाते.