पुढचा डाव लगेच नको

समोरासमोरच्या बुद्धिबळात डाव संपला की दोघे लगेच उठत नाहीत. ‘इथे घोडा का नाही मारलास?’ म्हणत पट चार चाली मागे नेतात आणि वाद घालतात. मोबाइलवर हे घडत नाही. हरलेल्याला काही सेकंदांत नवा प्रतिस्पर्धी मिळतो आणि आधीचा डाव न पाहताच मागे पडतो. हौशी ऑनलाइन खेळाडूच्या बऱ्याच सवयींचं मूळ या घाईत आहे.

आधी घड्याळाचा हिशेब. ३ मिनिटांच्या ब्लिट्झ डावात ४० चाली झाल्या, तर एका चालीच्या वाट्याला साडेचार सेकंद येतात. १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंदांची भर असलेल्या रॅपिड डावात हाच वाटा ३२ सेकंदांच्या वर जातो. साडेचार सेकंदांत नवा विचार सुचणं अवघड. हात सवयीची चाल खेळून मोकळा होतो. पांढरे मोहरे असले की प्यादं डी४, उंट एफ४, मग ई३ आणि सी३. समोरचा काहीही खेळो. ‘लंडन सिस्टिम’ नावाची ही मांडणी भक्कम आहे, माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसनही ती खेळलेला आहे. पण विचार वाचवण्यासाठी निवडलेल्या मांडणीला ‘माझी शैली’ म्हणणं घाईचं ठरेल.

दुसरी सवय वजीर लवकर बाहेर काढण्याची. ई४, ई५, उंट सी४, घोडा सी६, आणि लगेच वजीर एच५. काळ्याच्या एफ७ वरच्या प्याद्याला फक्त राजाचा आधार असतो. काळ्याने बेसावधपणे दुसरा घोडा एफ६ वर आणला, की वजीर ते प्यादं मारून मात करतो. पण काळ्याने जी६ खेळलं तर वजिराला हटावं लागतं. तो एफ३ वर येऊन पुन्हा एफ७ वर नजर ठेवतो, तेव्हा घोडा एफ६ वर येतो आणि हल्ला तिथेच थांबतो. चारच चालींत काळ्याचे दोन्ही घोडे मैदानात, पांढऱ्याचा एकही नाही. उलट एफ३ ही घोड्याची हक्काची जागा वजिराने अडवलेली.

असा हल्ला समोरचा चुकेल या आशेवरच उभा असतो. समोरच्याचा शह, मारामारी किंवा धमकी आली तर आपल्याकडे उत्तर आहे का, हे न तपासताच चाल करायची, अशा खेळाला अमेरिकन प्रशिक्षक डॅन हाइसमन ‘होप चेस’ म्हणतात.

यात भर पडते रेटिंगची. आर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची गुणपद्धत फिडे या जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिच्या गणितानुसार रेटिंगमध्ये २०० गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूकडूनही चार डावांत साधारण तीनच गुण अपेक्षित असतात. ऑनलाइन तर बहुतेक वेळा आपल्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी जोडून दिला जातो, म्हणजे डावांतले निम्म्याच्या आसपास गुण जाणार हे गृहीतच आहे. हे ध्यानात न घेता गेलेले रेटिंगचे गुण त्याच रात्री परत मिळवायला बसलं, की दमलेलं डोकं आणखी चुका करतं. खेळाडू याला ‘टिल्ट’ म्हणतात. दोन डाव लागोपाठ हरल्यावर थांबणं हा त्यावरचा साधा उपाय.

खरी प्रगती मात्र हरलेल्या डावातच दडलेली असते. १९४८ साली जगज्जेते झालेले मिखाईल बॉटविनिक स्वतःच्या डावांचं कठोर विश्लेषण करण्यावर भर देत. आज लिचेससारख्या मोफत संकेतस्थळावर स्टॉकफिश इंजिन क्षणात चूक दाखवतं. पण चूक का झाली, हे ते सांगू शकत नाही. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी स्वतः शोधावं: डाव कुठे फिरला? तेव्हा मनात काय होतं? समोरच्याची धमकी दिसली नाही, की दिसूनही घाई केली? उत्तर एका ओळीत लिहून ठेवावं आणि मगच इंजिनला विचारावं.

असे काही डाव तपासले, की तीच ती चूक वेगवेगळ्या रूपांत समोर येऊ लागते. एका वेळी एकच चूक धरावी आणि ती सुटेपर्यंत सावकाश डाव खेळावेत. हाताच्या सवयी गळून पडल्यावर ज्या चाली आपण समजून-उमजून निवडतो, त्यांनाच शैली म्हणावं. ती घडवायला ग्रँडमास्टर असावं लागत नाही.