पडद्यावरचा वर्ग आणि आपला विद्यार्थी

पडद्यासमोर सर्व विद्यार्थी सारखे असतात, म्हणून ऑनलाइन शिक्षणात जातीला थारा उरत नाही, असा सिद्धान्त मध्यंतरी एका चर्चासत्रात ऐकावयास मिळाला. टाळ्याही पडल्या. मला मात्र 2020 सालचा माझा वर्ग आठवत होता. प्रत्येक चौकटीखाली आडनावासह पूर्ण नाव झळकत होते. खेड्यात ज्याला आडनाव कळले त्याला वस्ती कळते. एका विद्यार्थिनीने त्या सत्रात कॅमेरा एकदाही सुरू केला नाही आणि मी तिला गैरहजर मांडत राहिलो. पुढे कळले की घर एका खोलीचे, म्हणून ती शेळ्यांच्या गोठ्याशी बसून ऐकत असे आणि ते दृश्य वर्गाला दिसू नये एवढीच तिची इच्छा होती. कॅमेऱ्यावर हजेरी घेण्याचा नियम मीच केला होता. तो नियम करताना माझ्या डोळ्यांपुढे जो विद्यार्थी होता, तो पोंभुर्ण्याचा नव्हता.

ऑनलाइन शिक्षण हवे की नको, हा वाद आता जुना झाला. केंद्र शासनाचे 'स्वयम्' हे व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झाले. 2021 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून पूर्ण करण्याची मुभा दिली. दुसरीकडे, 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय असलेली ग्रामीण कुटुंबे होती 14.9 टक्के आणि शहरी 42 टक्के. त्यानंतर मोबाईल पुष्कळ वाढले हे खरे. पण घरातला एकच मोबाईल सकाळी बापाबरोबर कामावर जातो, हे कोणत्या पाहणीत धरावयाचे?

आपल्याकडे ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे व्याख्यानाचे चित्रीकरण, अशी समजूत झाली आहे. ही समजूतच दर्जाच्या मुळावर आली आहे. ब्रिटनमध्ये 1969 साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि 1971 पासून तेथे विद्यार्थी शिकू लागले. दूरदर्शनवरच्या पाठांमुळे त्याची कीर्ती झाली खरी, पण त्याचा कणा होता तो वेगळाच. एक अभ्यासक्रम अनेक जाणकारांचा गट मिळून रचत असे, आणि विद्यार्थ्याचा लेखी स्वाध्याय मार्गदर्शकाच्या शेऱ्यांसह त्याच्याकडे परत जात असे. 'स्वयम्'च्या आराखड्यातही चार अंगे सांगितली आहेत : चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. प्रत्यक्षात पहिले अंग फुगते आणि तिसरे ओस पडते.

मग अभ्यासक्रम रचावयाचा कसा? शेवटापासून. हा पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, ते आधी एका वाक्यात लिहावे. 'वेतनाचे सिद्धान्त समजणे' हे असे वाक्य नव्हे, कारण समजले की नाही हे तपासता येत नाही. 'तेंदूपत्त्याच्या शंभर पुड्यांचा दर दिला असता एका कुटुंबाची हंगामाची मजुरी काढणे, आणि ती रोजंदारीशी ताडून पाहणे' हे तपासता येते. एकदा हे ठरले की परीक्षेचा प्रश्न आपोआप ठरतो, प्रश्न ठरला की सराव ठरतो, आणि सर्वांत शेवटी व्याख्यान. आपण नेमके उलटे करतो. आधी तासभर बोलतो आणि मग प्रश्न शोधत बसतो.

सरावाला एवढे महत्त्व का, याला आधार आहे. रोडिगर व कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले. म्हणून आठ-दहा मिनिटांचा तुकडा, आणि त्यानंतर न पाहता लिहावयाचे दोन प्रश्न. याला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

आता वजनाचा हिशेब. चाळीस मिनिटांची साधी चित्रफीत सेकंदाला 500 किलोबिट धरली तर 150 मेगाबाइट भरते. तेच बोलणे 16 किलोबिटच्या ध्वनिफितीत 5 मेगाबाइटच्या आत बसते. जेथे नेटवर्कसाठी तलावाच्या पाळीवर चढावे लागते, तेथे हा फरक म्हणजे शिकणे आणि न शिकणे यांतला फरक आहे. आकृती लागेल तेथे एक चित्र पाठवावे. शिक्षकाचा चेहरा पाहण्यासाठी विद्यार्थ्याने 145 मेगाबाइट खर्चावेत एवढा तो देखणा नसतो.

वेळेचेही तसेच. आपल्या झाडीपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. चिखलात दिवसभर वाकून आलेल्या मुलीला रात्री आठचा थेट वर्ग म्हणजे शिक्षाच. तो तिला नंतर ऐकता आला पाहिजे, आणि स्वाध्यायाची मुदत रोवणी पाहून ठरली पाहिजे. ही सवलत नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याच्या जगण्यावरून वेळापत्रक आखावयाचे असते, हे तेथे प्रत्यक्षात उतरले होते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. चर्चेच्या फलकावर आपली मुले लिहीत नाहीत, कारण चूक तेथे सर्वांसमोर टांगलेली राहते. मी पुढे आवाजात उत्तर पाठवावयास सांगितले, तेही फक्त माझ्याकडे, आणि झाडीबोलीत बोलले तरी चालेल असे स्पष्ट म्हटले. जी मुले एक ओळ लिहीत नव्हती ती तीन-तीन मिनिटे बोलली. प्रमाण मराठीत उत्तर मांडणे ही दुसरी पायरी आहे. ती शिकवावीच लागते. पण ती पहिलीच्या आधी ठेवली की मूल दारातच थांबते.

हार्वर्ड आणि एमआयटीसारख्या विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत 2017-18 साली नाव घातलेल्यांपैकी सुमारे 3 टक्केच लोकांनी ते पूर्ण केले. तेथे याची चर्चा अभ्यासक्रमाचे अपयश म्हणूनही झाली. आपल्याकडे गळालेल्या मुलाबद्दल 'यांना शिकण्याची आवडच नाही' असे शिक्षकांच्या खोलीत म्हटले जाते. हे वाक्य आपल्या वाचकांना नवे नाही. फक्त निमित्त नवे आहे.

आणि एक अडचण सांगितलीच पाहिजे. ऐंशी मुलांचे आवाजी स्वाध्याय ऐकून प्रत्येकाला दोन वाक्यांचे उत्तर द्यावयास मला आठवड्याचे नऊ-दहा तास लागतात. चांगले ऑनलाइन शिक्षण स्वस्त नसते. त्यात माणूस अधिक लागतो. पण 'एकदा चित्रीकरण केले की शिक्षक कशाला?' हा विचार ज्यांना सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी रिक्त जागा न भरण्याचे हे उत्तम निमित्त आहे. ती जागा कोणत्या गावातल्या महाविद्यालयात आधी रिकामी राहील, आणि तेथे कोणाची मुले शिकत असतील, हे आपण पाहतोच आहोत.