नस काढली, तरी दाढ का ठणकते?

मध्यरात्री दाढ ठणकायला लागली. सकाळी सदलग्याहून निपाणी गाठली, तातडीनं रूट कॅनाल झालं. भूल उतरली आणि पुन्हा ठणका! आजी म्हणाली, "तंबाखू दाब." त्यानं हिरडी चुरचुरते, दुखणं तसंच राहतं.

डॉक्टरांनी उलगडून सांगितलं: नस गेली, तरी मुळाच्या टोकाभोवतीची सूज उतरायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल सांगितल्या मात्रेत, जेवणानंतर, वेळेवर घ्यायचं. ठणक्याची वाट बघायची नाही. दमा, अल्सर, किडनीचा त्रास असला तर आधीच सांगा. अँटिबायोटिकनं हा ठणका थांबत नाही. गाल सुजला, ताप आला, गिळताना अडलं, तर तडक दवाखाना.

आणि दुसरी बैठक चुकवू नका. तात्पुरतं सिमेंट कायमचं नसतं.