एका ओळीत एक ठोका

काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर आणि तीन शब्द : मायोकिट रन एक्झाम्पल. एंटर दाबलं की आलेख उघडतो. उणे ८४ मिलिव्होल्टवर निपचित पडलेली रेघ ताडकन उठते, शून्य ओलांडून वर जाते, वरच्या पठारावर जरा रेंगाळते आणि सावकाश उतरते. झाला एक ठोका! हृदय गिनीपिगचं, तेही एका पेशीपुरतं, आणि ती पेशी म्हणजे एकमेकांत गुंतलेली आठ समीकरणं. 'लुओ-रूडी १९९१' हे तिचं नाव. मायोकिट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि ही पेशी त्याच्यासोबत नमुना म्हणून येते. माउस लागत नाही. ना टेबलावरचा, ना पिंजऱ्यातला.

हँडल मारा, उत्तर काढा

या सगळ्याचे पूर्वज हृदयाचे नव्हेत, माकुलचे. कोकणात कालवणात पडणारं तेच माकुल. त्याच्या जाडजूड मज्जातंतूतून वीज कशी धावते, याची समीकरणं हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली छापली. त्याआधी ती सोडवायची वेळ आली तेव्हा केंब्रिजचा संगणक दुरुस्ती-सुधारणांसाठी सहा महिने बंद! मग हक्स्ली यांनी ब्रुन्सविगा नावाचं हाताने फिरवायचं गणनयंत्र पुढ्यात ओढलं. तंतूवरून सरकत जाणारा एक विद्युत-झटका काढायला सुमारे तीन आठवडे हँडल मारलं. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मनगटासाठी वेगळं पारितोषिक द्यायला हरकत नव्हती.

पुढचे गृहस्थ डेनिस नोबल. (हे आडनाव, पारितोषिकाशी गल्लत नको.) लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पीएचडी करणारा हा पोरगा तीच समीकरणं हृदयाला लावून पाहायला निघाला. विद्यापीठाचा मर्क्युरी संगणक त्याला मिळाला, पण कधी? मध्यरात्री दोन ते चार. ते आटोपलं की पहाटे कत्तलखाना गाठायचा, मेंढीची ताजी हृदयं आणायची आणि दिवसभर त्यांच्यावर प्रयोग. १९६० साली 'नेचर'मध्ये निबंध आला तेव्हा त्याला चोवीस पूर्ण व्हायची होती. हृदयपेशीची संगणकी मॉडेलं सुरू झाली ती इथून.

समीकरणातला विक्षिप्तपणा

पेशीच्या मॉडेलची फाइल उघडली की आय-एनए, आय-के असे प्रवाह रांगेत उभे असतात : सोडियमचा, पोटॅशियमचा, सरळ कारभार. काही मॉडेलांत त्यांच्यात एक असतो आय-एफ. हा एफ कुठल्या मूलद्रव्याचा? कुठल्याच नाही. तो 'फनी'चा! १९७९ मध्ये ब्राउन, डिफ्रान्सेस्को आणि सुझन नोबल (डेनिस नव्हेत) यांनी त्याचं वर्णन केलं. इतर बहुतेक प्रवाह विद्युतदाब वर चढला की जागे होतात, हा मात्र खाली उतरला की. म्हणून फनी. हृदयाचा ताल धरणाऱ्या पेशींत तो काम करतो. त्याला आवरून नाडी संथ करणारी आयव्हाब्रॅडिनची गोळी आज डॉक्टर लिहून देतात.

त्याहून रंगेल नाव 'हर्ग' या जनुकाचं. त्याचा उगम फळमाशीत. ईथरने बेशुद्ध केल्यावर एका जातीच्या माश्यांचे पाय थडथडायचे. साठचं दशक, अमेरिकेत 'गो-गो' नाचाची धूम. नाव पडलं 'ईथर-अ-गो-गो'. माणसातल्या भावंडाच्या नावातही ते शिरलं. हे नाचरं नाव जीवघेणं आहे, बरं का! हर्गची पोटॅशियमची वाट औषधाने अडली, तर ठोका लांबतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. टर्फेनाडिन ही ॲलर्जीवरची खपाऊ गोळी नव्वदच्या दशकाअखेर अमेरिकेच्या बाजारातून गेली ती याच पायी. २०१३ पासून 'सीपा' उपक्रमात नव्या औषधांचा हा धोका जोखायला संगणकी पेशीही कामाला लावली आहे. ओपनकार्प या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशी एकटी पेशी चालवायच्या आज्ञेचं नाव 'बेंच'. हर्गच्या प्रवाहाच्या आकड्याला ०.५ ने गुणा, पुन्हा चालवा, आणि पठार लांबलेलं डोळ्यांनी पाहा.

ऑक्सफर्डच्या अशाच एका पॅकेजचं नाव 'चेस्ट'. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे अर्थ 'सोवळं', विषय छातीतला. देवनागरीत दोन्ही चेस्टच. आपली सोय झाली.

शून्य भागिले शून्य

आता थोडं रडगाणं. लुओ-रूडीच्या सोडियमच्या दारासाठी एक सूत्र आहे. त्यात व्होल्टेज नेमकं उणे ४७.१३ आलं, तर वर शून्य, खालीही शून्य. पेशी रोज तिथून जाते, पण धावत; नेमकी त्या आकड्यावर थांबत नाही. तुम्ही मात्र हौसेने तिला तिथेच धरून ठेवलंत, की पडद्यावर 'नॅन' : म्हणजे हा आकडाच नव्हे! म्हणून चांगली साधनं त्या बिंदूच्या आसपास सूत्राला गुपचूप ठिगळ लावतात.

दुसरा सापळा चिन्हाचा. पेशीत शिरणारा धन प्रवाह उणे लिहायची रीत आहे. मी एकदा उत्तेजनाचा झटका अधिक चिन्हाने दिला. पेशी ढिम्म! तासभर सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, मग ती एक आडवी रेघ घातली. लगेच ठोका.

आणि पहिल्या ठोक्यावर कधी भाळू नये. आतलं कॅल्शियम, सोडियम स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून मोजमापाआधी पेशीला हजारेक ठोके चालवून घेतात. सेकंदाला एक या गतीने खऱ्या हृदयाला १६ मिनिटं ४० सेकंद लागतील. इथे आधण ठेवून येईपर्यंत आटोपलेलं असतं.