आतड्यापर्यंत पोहोचणारा घास

खाल्लेलं सगळंच अंगी लागत नाही. प्रोबायोटिक जिवाणूंपैकी कितीतरी जठरातल्या आम्लातच मरतात. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे विकर तिथे निकामी होतं. माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं तर पोटात जाण्याआधीच हवेनं खवट होऊ लागतात. हा नाजूक ऐवज लहान आतड्यापर्यंत सुखरूप न्यायचा, म्हणून अन्नशास्त्रज्ञांनी अन्नातल्याच पदार्थांपासून एक वाहक घडवला आहे. तो म्हणजे मायक्रोजेल, पाणी धरून ठेवणारा आणि एक मिलिमीटरहूनही लहान असा मऊ कण.

त्यासाठी पेक्टिन, जिलेटिन, दुधातली प्रथिनं असं बरंच काही वापरतात. पण सर्वांत जास्त अभ्यास झाला तो अल्जिनेटचा. समुद्रातल्या तपकिरी शैवालातून हा पदार्थ ब्रिटिश रसायनतज्ज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी १८८०च्या दशकात वेगळा काढला. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात तेल किंवा जिवाणू मिसळायचे आणि त्याचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडायचे. थेंब लगेच घट्ट होतात. अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे कॅल्शियमचे आयन अल्जिनेटच्या साखळ्यांमधल्या खळग्यांत बसतात आणि साखळ्या एकमेकींना जखडतात. स्पेनमधल्या ‘एल बुली’ या उपाहारगृहात फेरान आद्रिया यांनी २००३ साली याच क्रियेतून रसाचे गोल मणी ताटात आणले. प्रयोगशाळेतले कण मात्र त्याहून कितीतरी बारीक असतात. ते फवाऱ्यानं किंवा कंप पावणाऱ्या नळीतून पाडतात.

खरी करामत पोटात दिसते. जठरातल्या आम्लात अल्जिनेटचं जाळं आकसतं. लहान आतड्यात आम्लता ओसरली की त्याच्या साखळ्यांवर ऋण भार येतो, त्या एकमेकींना दूर ढकलतात, कण फुगतो आणि हळूहळू सुटत जातो. आत तेल असेल, तर ते पचवणाऱ्या लायपेजला जाळ्यातून वाट काढत यावं लागतं. म्हणून पचनाचा वेग मंदावतो. कण जितका मोठा आणि जाळं जितकं दाट, तितका हा वेळ वाढतो.

या वाहकाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. जाळ्याची छिद्रं नॅनोमीटरमध्ये मोजावी लागतात, तरी क जीवनसत्त्वासारखे छोटे रेणू त्यातून सहज निसटतात. आम्लही तसंच आत शिरतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले ज्युलियन मॅकक्लेमेंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय केला. आम्लपित्तावर घेतात ते मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड त्यांनी कणातच भरलं. आत शिरणारं आम्ल तिथल्या तिथे शमतं आणि विकर टिकतं.

अशा कणांची परीक्षा सहसा आधी काचेच्या भांड्यात होते. त्यासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेली ‘इन्फोजेस्ट’ ही आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतात. तोंडाच्या टप्प्याला दोन मिनिटं, जठराला दोन तास, आतड्याला दोन तास. पण भांड्याला भूक नसते, आतड्याची हालचाल नसते आणि माणसामाणसांतला फरकही तिथे दिसत नाही. म्हणूनच वेष्टनावर ‘नियंत्रित मुक्ती’ असं लिहिलेलं उत्पादन घेताना एकच प्रश्न आवर्जून विचारावा: याची चाचणी माणसांवर झाली आहे का? मायक्रोजेलमागचं विज्ञान भक्कम आहे. त्याच्या नावावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डबीनं मात्र आपला पुरावा स्वतः द्यायला हवा.