जलकुंभ, पंप आणि दोन तारा

नळयोजनेच्या पंपगृहात स्टार्टरशेजारी एक लहानशी पेटी आता अनेक ठिकाणी दिसते. जलकुंभातील पाण्याची पातळी पाहून पंप चालू-बंद करणारा नियंत्रक तो हाच. गावात दुसरा जलकुंभ उभा राहिला की त्यावरील जोडणीच्या जागा अपुऱ्या पडतात. अशा वेळी नवा नियंत्रक घेण्याचे कारण नसते. विस्तारासाठी मिळणारे मॉड्यूल त्याच्या संदेशतारेवर जोडता येते. काम लहान आहे. मात्र त्यात चूक झाल्यास भरलेला जलकुंभ रिकामा दिसतो आणि गावाचे पाणी ओढ्याला मिळते.

या यंत्रांमध्ये बहुधा वापरली जाणारी मॉडबस ही संदेशपद्धती अमेरिकेतील मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये तयार केली. तारेवरील संकेतांचे आरएस-४८५ हे मानक १९८३ मधील आहे. पद्धत शाळेतील हजेरीसारखी असते. नियंत्रक एक क्रमांक पुकारतो, त्या क्रमांकाचे मॉड्यूल उत्तर देते व इतर सर्व गप्प राहतात. आपण होऊन कोणीही बोलावयाचे नसते. १ ते २४७ यांपैकी कोणताही क्रमांक देता येतो.

खरी अडचण या क्रमांकातच उद्भवते. कारखान्यातून येणाऱ्या मॉड्यूलवर पुष्कळदा १ हाच क्रमांक असतो. तो न बदलता मॉड्यूल जोडले, तर जुने व नवे अशी दोन्ही एकाच हाकेला 'ओ' देतात. संकेत एकमेकांत मिसळतात, संदेशाच्या शेवटी असलेले पडताळणीचे आकडे जुळत नाहीत आणि नियंत्रक ते उत्तर टाकून देतो. हा दोष निदान लक्षात तरी येतो. परंतु जुन्या मॉड्यूलचा वीजपुरवठा खंडित झाला, तर नवे मॉड्यूल त्याच्या नावाने बिनचूक उत्तर देते. नियंत्रक नव्या, अर्धवट भरलेल्या जलकुंभाची पातळी जुन्या जलकुंभाची समजतो व पंप चालूच ठेवतो. फलकावर दोषाचा दिवा लागत नाही.

क्रमांक बदलण्यासाठी अनेक मॉड्यूलवर लहान कळांची रांग असते. त्यांची मूल्ये १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जातात. क्रमांक ५ हवा असल्यास पहिली व तिसरी कळ चालू करावयाची. द्विमान पद्धतीचे इतके सोपे उदाहरण शिक्षकांना क्वचितच मिळेल. बऱ्याच मॉड्यूलना हा बदल वीज बंद करून पुन्हा चालू केल्यावरच कळतो. दिलेले क्रमांक पेटीच्या झाकणावर आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहिलेले असावेत. जोडणी करणारा कारागीर दुसऱ्या खेपेस तोच येईल असे नसते.

तार एका मॉड्यूलवरून दुसऱ्यावर, तेथून तिसऱ्यावर अशी ओळीने न्यावी. झाडाच्या फांद्यांप्रमाणे फाटे फोडल्यास टोकावरून संकेत परततात व पुढील संकेत बिघडवतात. याच कारणाने ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लावतात, मधल्या मॉड्यूलना नाही. वीज बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावले असता, अंतर थोडे असल्यास, सुमारे ६० ओहम दिसावेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोधक राहिला, ४० दिसले तर एक जादा लागला. तारांच्या 'ए' व 'बी' या खुणा सर्व उत्पादक एकाच अर्थाने वापरीत नाहीत. एखादेच मॉड्यूल मुके राहिल्यास त्याच्या दोन तारा उलटून पाहणे इष्ट. तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असाव्यात व मोटारीच्या केबलपासून दूर ठेवाव्यात.

मंद गतीने संदेश पाठविल्यास अशी ओळ सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालते. टेकडीवरील जलकुंभ याहून दूर असेल, तर मध्ये संकेतवर्धक किंवा रेडिओ संच लागतो. त्याची आणि विजेपासून संरक्षण देणाऱ्या साधनाची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच करावी लागते.