चोवीस ट्रॅक म्हणजे चोवीस माइक नव्हेत

‘२४ ट्रॅकचा रेकॉर्डर घेतोय, आता अख्खं भजनी मंडळ एका दमात रेकॉर्ड होईल!’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. होणार नाही, बाबांनो.

किती आवाज वेगवेगळे साठवून एकत्र वाजवता येतील, एवढंच ट्रॅकच्या संख्येवरून कळतं. एका वेळी किती माइकांचा आवाज आत घेता येईल, हा आकडा निराळा. टास्कॅमचा डीपी-२४एसडी घ्या. नावात २४, पण एका वेळी रेकॉर्ड होतात ८. त्या २४मध्येही १२ मोनो, उरलेल्या ६ स्टिरिओ जोड्या. झूमचा आर८ तर आठ ट्रॅक वाजवतो, पण घेतो एका वेळी दोनच. दोन! तबल्याला एक आणि डग्ग्याला एक माइक लावला की संपलं. पेटीवाले आणि बुवा बसले बाहेर. विश्वास बसत नसेल तर कंपनीच्या मॅन्युअलमधलं तांत्रिक तपशिलाचं पान उघडा.

उलट, एकट्यानं गाणं रचणाऱ्याला दोन इनपुट भरपूर होतात. आधी पेटी, तिच्यावर तबला, मग गळा. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा ‘नेब्रास्का’ घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झाला. डेमो म्हणून केलेलं ते रेकॉर्डिंगच अल्बम म्हणून बाजारात आलं.

‘कंडेन्सर माइक कुठल्याही इनपुटला चालतो’ हेही खोटं. त्याला बहुधा ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, आणि झूमच्या आर१६मध्ये आठांपैकी दोनच इनपुटना ती मिळते.

‘९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग नसेल तर दर्जा नाही.’ माणसाचा कान २० किलोहर्ट्झपलीकडे ऐकत नाही, आणि सॅम्पलिंग त्याच्या दुपटीहून थोडं जास्त असलं की भागतं, म्हणून ४४.१ पुरतात. वाचलेल्या पैशांत खोलीला जाड पडदे लावा, फरक ऐकू येईल.

‘कार्ड लगेच भरतं.’ ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला आठ ट्रॅक तासाला साधारण ४ जीबी खातात. बस.

‘कॉम्प्युटरची कटकट कायमची गेली.’ रेकॉर्डिंगपुरती गेली, हे खरं. बारीक काटछाट करायची वेळ आली की रेकॉर्डरच्या इवल्याशा पडद्यापुढे डोळे शिणतात आणि वेव्ह फाइल्स निमूट कॉम्प्युटरवर न्याव्या लागतात.

तेव्हा आधी घरी बसून एकाच वेळी किती माइक लागतील ते मोजा. मग दुकानदाराला ‘ट्रॅक किती?’ असं न विचारता ‘एका वेळी किती इनपुट रेकॉर्ड होतात?’ असं विचारा.